शंख फसवतो

अंबडजवळच्या आमच्या शेतात बाबा पहाटे सोयाबीनमधल्या गोगलगायी वेचून बादलीत टाकत होते. "सगळ्या एकच," म्हणाले. तसं नाहीये हो!

लांबट, टोकदार, तपकिरी पट्ट्यांच्या शंखाची ती आफ्रिकी, अ‍ॅकॅटिनिडी कुळातली. १८४७ मध्ये बेन्सन यांनी ती कोलकात्यात आणली. चपटा, पातळ, चकचकीत शंख असेल तर शेपटीचं टोक बघा. तिथे बारीक शिंग आणि त्याखाली चिकटा सोडणारी फट दिसली, तर ती आपली, एरिओफँटिडी. नुसत्या शंखावर जात ठरत नाही. अभ्यासक आतली जननेंद्रियं उघडून बघतात. (नर-मादी एकाच देहात, त्यामुळे वायरिंग भारी गुंतागुंतीचं.)

मीठ टाकण्याआधी चपट्या वेगळ्या काढू म्हटलं. बाबा म्हणाले, "रोपं त्याही खातात. तू आधी उरलेली रोपं मोज."