मातेचीही विचारपूस व्हावी

शिक्षक बंधुभगिनींनो,

बौद्धिक दिव्यांग मुलाची नोंद पटावर होते. त्याच्या मातेची विचारपूस मात्र क्वचितच होते. आपल्या तालुक्यातील एखाद्या मुसलमान मातेस, मूल रोजा-नमाज पाळीत नाही, याचेही शल्य असू शकते. वस्तुतः ज्यास समज नाही, त्यावर इस्लामी धर्मशास्त्र हे बंधन घालीतच नाही. परंतु हे तिने मौलवीसाहेबांच्या तोंडून ऐकावे, आपल्या नव्हे.

मुलाची तपासणी व पालकांस मार्गदर्शन यांसाठी राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र येथे खारघरलाच आहे. मातेचे मन खचले असेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे. पहिला दूरध्वनी शाळेतूनच लावून द्यावा. मात्र ती बोलू लागताच आपण खोलीबाहेर जावे.