शिट्टी वाजवणारे सर
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



पन्नाशीनंतर आपल्यापैकी बरेच जण डोंगरात धावू लागलेत. मीही त्यातलाच. म्हणून आज दोन शर्यतींबद्दल बोलतो.

ऑक्टोबर २००८. इंग्लंडच्या बॉरोडेल खोऱ्यात सुमारे अडीच हजार धावपटू वादळी पावसात सापडले. आयोजकांनी शर्यत मध्येच थांबवली. अनेकांनी रात्र डोंगरातच काढली, पण एकही दगावला नाही. तिथला नियमच असा, की जोडीने धावायचे आणि तंबू, स्लीपिंग बॅग, खाणे पाठीवर हवेच.

मे २०२१. चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या शर्यतीला १७२ जण निघाले. उंचावर गारा, पाऊस आणि बोचरा वारा सुटला. वारा अडवणारे जॅकेट सक्तीचे नव्हते. अनेकांच्या अंगावर हाफ पँट आणि पातळ टी-शर्ट. २१ जणांचा जीव गेला. सहा जणांना एका मेंढपाळाने वाचवले.

गेल्या पावसाळ्यात मीही वजन नको म्हणून जॅकेट घरी ठेवून घाटात धावलो. आता त्याची लाज वाटते.

चढ हवा तितका अवघड ठेवा. पण सामानाची तपासणी हवी, आणि हवा बिघडली की शर्यत थांबवणारा माणूस हवा.

आपले पी.टी.चे सर वीज चमकली की शिट्टी वाजवून सामना थांबवायचे. आपण किती चिडायचो! सर, त्या शिट्टीसाठी आज उशिरा का होईना, आभार मानतो.