धंदा : घरकाम

(दस्तलेखक आणि मुद्रांक विक्रेत्यांच्या जिल्हा संमेलनातील अध्यक्षीय भाषण)

आजचा धंदा बुडवून आलेले दस्तलेखक, मुद्रांक विक्रेते, टंकलेखक, झेरॉक्सवाले बंधुभगिनींनो,

अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. शाल, श्रीफळ, हार, तिन्ही पोचली. ज्यांच्या टेबलाशी बसून मी हे काम शिकले ते माझे वडील आज असते, तर पहिल्या रांगेत बसून त्यांनी माझ्या चुका मोजल्या असत्या.

संयोजकांनी विषय दिलाय तो असा : ‘दस्तलेखन व्यवसाय, आढावा आणि आव्हाने’. आढावा देते. मोडी गेली, बाळबोध आली. टाक गेला, टंकयंत्र आलं. तेही गेलं, संगणक आला. मग नोंदणीची आय-सरिता प्रणाली आली, ई-चलन आलं. ऑक्टोबर 2024 मध्ये 100 चा मुद्रांक गेला आणि कमीत कमी 500 चा झाला, तेव्हा गिऱ्हाइकांच्या शिव्या आपण खाल्ल्या. हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. आढावा संपला.

मला बोलायचंय ते एका शब्दाबद्दल. वीस वर्षं थांबलेय.

त्याआधी सकाळच्या सत्रातला वाद निकालात काढू. मागे बॅनर आहे, त्यावर ‘संमेलनाध्यक्षा’ छापलंय. त्यातल्या शेवटच्या कान्यावरून सकाळी अर्धा तास गेला. एक म्हणाले, पद हे पद असतं, त्याला लिंग कशाला? दुसरे म्हणाले, काना काढला तर मराठीची शोभाच जाईल. मग ‘दस्तलेखिका’ लिहायचं की ‘दस्तलेखक’, ‘शेतकरीण’ म्हणायचं की नाही, 2007 साली प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या तेव्हाचे जुने विनोदही निघाले. मी गप्प बसले, कारण चहा गरम होता.

आता सांगते. आपल्या मराठीत क्रियापदच सगळं बोलून जातं. ‘अध्यक्ष म्हणाल्या’ एवढं लिहिलं की बाई आहे हे कळलं. मग काना लावा नाहीतर काढा. आणि आपल्या धंद्याची भाषा तर या वादाच्या पलीकडचीच आहे. आपण काय लिहितो? लिहून देणार. लिहून घेणार. पुरुष असो, बाई असो, ‘णार’ला फरक पडत नाही. साक्षीदार, खातेदार, जामीनदार, वारस, सगळे तसेच. कूळ तर बिचारं नपुंसकलिंगीच. ‘शेतकरी’लाही काही करायला नको, वारीत चालणाऱ्या बाईलाही आपण वारकरीच म्हणतो. गंमत बघा, ‘करी’ला ‘ईण’ लावून आपण जो शब्द रोज वापरतो तो एकच, मोलकरीण. तेव्हा पदाच्या शेपटीवरून भांडू नका. भांडायचंच तर शेपटीच्या जरा अलीकडे या.

नोंदणी अधिनियम 1908 चा. दस्तातल्या माणसाच्या वर्णनात काय काय येतं, ते त्याच्या दुसऱ्या कलमातच सांगितलंय : राहण्याचं ठिकाण, व्यवसाय-धंदा, बापाचं नाव, आणि माणूस आईच्या नावाने ओळखला जात असेल तर आईचं. म्हणजे ‘धंदा’ हा रकाना कायद्याने मागितलेला आहे, शोभेचा नाही. आपण तो भरतो कसा? पुरुषाला विचारतो, ‘काय करता?’ बाईला विचारत नाही. नाव, वय, आणि हात आपोआप पुढे जातो : धंदा घरकाम. जुन्या मोडी कागदांत बाईची ओळख ‘कोम’ने संपायची, म्हणजे अमक्याची बायको, कुठे ‘भ्रतार’ लिहीत. आपण सुधारलो. आपण ‘घरकाम’ लिहितो.

2005 साली मी आणि आमच्या ह्यांनी फ्लॅट घेतला. मी स्वतःचा दस्त स्वतः लिहीत नाही, डॉक्टर स्वतःच्या पोटावर सुरी चालवत नाही तसं. म्हणून शेजारच्या टेबलावर दिला. लिहिणारा माझा सतरा वर्षांपासूनचा शेजारी. एकाच लिंबाखाली दोघांची टेबलं, त्याची शाई संपली की माझी दौत, माझा कार्बन संपला की त्याचा. सही करायच्या आधी सवयीने वाचत गेले. लिहून घेणार 1 : श्री. अमुक, वय 48, धंदा नोकरी. लिहून घेणार 2 : सौ. अमुक, वय 41, धंदा घरकाम.

मी म्हटलं, ‘अहो, हे काय?’

तो म्हणाला, ‘काय झालं? वय चुकलं का?’

त्याला खरंच कळलं नव्हतं, म्हणून तर राग आवरेना. तो आज मांडवात आहे आणि हसतोय. हसू दे. त्याने खाडाखोड केली, चौघांच्या आद्याक्षरी सह्या घेतल्या, चहाही पाजला. पण घरी आल्यावर मी माळ्यावरची माझी ट्रंक काढली. 1988 पासूनच्या कार्बन प्रती. पहिला गठ्ठा सोडला. दोन शिक्षिका आणि एक नर्स सोडली, तर त्या गठ्ठ्यातल्या झाडून सगळ्या बायका घरकाम. अक्षर माझं, टंकयंत्र माझं, ‘घ’चा खिळा जरा वर उडायचा तोही माझाच.

त्यातले काही कागद तर असे की वाचताना मलाच माझी लाज वाटली. शेतकरी संघटनेचं 1986 साली चांदवडला बायकांचं अधिवेशन झालं, पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, आणि काही शेतकऱ्यांनी खरोखरच बायकोच्या नावे जमीन केली. त्यातली दोन-तीन बक्षीसपत्रं माझ्या टेबलावर झाली होती. त्या काळी हे मोठंच धाडस होतं. लोक त्या नवऱ्यांना हसत. मी काय टंकलं होतं? लिहून देणार, धंदा शेती. लिहून घेणार, धंदा घरकाम. शेत तिच्या नावावर चाललंय आणि तिचा धंदा मात्र घरकाम!

कोणी म्हणेल, बाई, एका शब्दाने काय होतं? आमच्या तालुक्यातली गोष्ट सांगते. एक बाई, सहा गायी. पहाटे धारा, डेअरीला दूध, चारा, शेण, वासरं, सगळं तीच. डेअरीचं खातं नवऱ्याच्या नावाने. रस्त्यावर अपघातात गेली. भरपाईच्या दाव्यात तिची कमाई दाखवायची वेळ आली, तेव्हा घरभर शोधून तिच्या नावाचा एकच कागद मिळाला : मी लिहिलेलं गुंठाभर जागेचं खरेदीखत. त्यात काय असणार? समोरच्या वकिलाने तेच पान वाचून दाखवलं. तिचा मुलगा मला एवढंच म्हणाला, ‘काकू, तुम्ही तर आईला ओळखत होता.’

न्यायालयं आपल्यापेक्षा पुढे गेलीत. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाची किंमत महिना 3000 रुपये धरली. 2010 साली त्याच न्यायालयाने बोट ठेवलं की जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायका भिकारी आणि कैदी यांच्याबरोबर ‘काम न करणाऱ्यां’त मोजल्या गेल्या. म्हणजे घरकामाला किंमत नाही असं मी मुळीच म्हणत नाही. घरकाम हे कामच आहे. माझं भांडण एवढंच की आपण तो शब्द तिच्या कामासाठी लिहीत नाही. तिला विचारायचा कंटाळा म्हणून लिहितो. लोकांकडे धुणीभांडी करून पोट भरणारी बाई येते, तिलाही घरकाम. ती जिच्याकडे भांडी घासते तिलाही घरकाम. मालकीण आणि मोलकरीण, दोघींचा धंदा एक. यातला खरा धंदा एकीचाच, आणि तिच्यासाठी राज्याने 2008 साली कल्याण मंडळाचा कायदासुद्धा केला.

आता कामं वाढलीत. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुली जन्माने हिस्सेदार झाल्या. 2021 पासून एकट्या बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत, म्हणून नवरे लगबगीने बायकोला घेऊन येतात. इतकी वर्षं जिला टेबलापाशी उभंही केलं नव्हतं, तिला आता खुर्ची देतात. आणि हक्कसोडपत्रं तर काय, बहिणींची रांगच. ‘स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय’ हे वाक्य मी इतक्या वेळा टंकलंय की ‘स्वखुशी’ दिसलं की मी आधी बहिणीच्या तोंडाकडे बघते. तो विषय वेगळा, त्यावर बोलायला घेतलं तर जेवण गार होईल.

तर मी 2005 नंतर विचारायला लागले. ‘ताई, काय काम करता?’ तुम्हाला वाटेल बायका खूश झाल्या असतील. दहातल्या आठ म्हणतात, ‘काही नाही.’ काही नाही हे दस्तात कसं लिहू? मग विचारते, ‘आज सकाळी काय केलंत?’ तेव्हा यादी सुरू होते. कांदे काढायला गेले होते, शिलाई आहे, मेसचे डबे आहेत, लोणच्याचा सीझन आहे. नवरे घड्याळ बघतात. गिऱ्हाईक तुटेल म्हणून मला दोघांनी सांगितलं, आणि एक तुटलंही.

आता या संमेलनात करायच्या ठरावाबद्दल. नमुना दस्तांची एक पुस्तिका काढावी, त्यात धंद्याचा रकाना कोरा ठेवावा, असं मला वाटतं. एक छोटी समिती नेमू. कोण असेल, पैसे कुठून येतील, ते जेवणानंतर बसून ठरवू. मागच्या संमेलनातही आपण एक समिती नेमली होती, तिचं काय झालं ते सचिवांनी सांगावं; मला आठवत नाही. निबंधक कार्यालयाला निवेदनही द्यावं लागेल. मसुदा मी करीन. कधी, ते विचारू नका.

गेल्याच आठवड्यात एक जोडपं आलं होतं. वाटणीपत्र. बाई साठीच्या, हातावर कांद्याचा डाग, पदर खोचलेला. मी विचारलं, धंदा काय लिहू? त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, ‘शेती लिव्हा.’ लिहिलं. त्या वाकून पडद्यावर बघत होत्या, वाचता येत होतं त्यांना. वरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘आणि ह्यांचं काय लिव्हलंय?’

‘शेतीच की.’

‘कधीपासनं?’

नवरा शेजारीच उभा होता. मी मान खाली घालून टंकत राहिले.

संयोजक मागून खुणावतायत, भाकरी झाल्यात म्हणे.