धूर कोणाचा, छप्पर कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



वाहतुकीचे प्रदूषण, नवी ऊर्जा आणि स्थानिक जनतेचे कार्य असा विषय आपण मला दिला आहे. पर्यावरण हा सुखवस्तू लोकांच्या फावल्या वेळेचा विषय आहे, कामगारवस्तीत भाकरीचे, घराचे आणि नोकरीचे प्रश्न आधी घ्यावयास हवेत, असे आपल्यातील काही साथींना अजूनही वाटते. त्यांच्या शंकेचा मी अनादर करीत नाही. परंतु पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यापुरते बोलायचे तर हवेचा प्रश्न हा मजुरीच्या प्रश्नाचाच एक भाग होऊन बसला आहे. एवढे दाखवून देण्याचा माझा आज प्रयत्न राहील, आणि त्यातून आपल्यासाठी कोणते काम निघते याचीही चर्चा करीन.

या नगरीचा जन्म कसा झाला ते प्रथम आठवावे. १९५४ साली पिंपरीत सरकारी मालकीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेल्को, बजाज यांसारखे मोटारउद्योग येथे आले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे एकत्र करून १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. म्हणजे आधी कारखाना आला, त्यामागून कामगार आला, नंतर त्याचे घर, आणि सर्वांत शेवटी रस्ता व बस. हाच क्रम पुढे चाकणच्या माळावर जसाच्या तसा पुन्हा घडला. २००९-१०च्या सुमारास देशी-विदेशी मोटारकंपन्यांचे मोठे कारखाने तेथे सुरू झाले. पण कामगाराने तेथे पोहोचावयाचे कसे, याचा विचार ना शासनाने केला ना उद्योगपतींनी. देशाला मोटारी पुरविणाऱ्या या पट्ट्यातील कामगाराला स्वतः कामावर जाण्यासाठी धड वाहन नाही, हा विरोधाभास आपण रोज पाहतो म्हणून तो आपल्याला जाणवेनासा झाला आहे.

थोडा हिशेब मांडतो. पिंपरी-चिंचवडची बससेवा १९७४ सालची. २००७ साली ती पुण्याच्या सेवेत विलीन होऊन पीएमपीएमएल ही कंपनी झाली. एक लाख लोकवस्तीमागे निदान पन्नास बसगाड्या असाव्यात, असे नगरवाहतुकीचे अभ्यासक मानतात. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सुमारे १७ लाख २७ हजार आणि पुण्याची ३१ लाख २४ हजार होती. दोन्ही मिळून साडेअठ्ठेचाळीस लाख. म्हणजे त्या वेळच्या लोकसंख्येलाच सव्वाचोवीसशे गाड्या हव्या होत्या. त्यानंतर दोन्ही शहरे किती फुगली हे आपण जाणता. ताफा मात्र दोन हजारांच्या आतबाहेरच घुटमळत राहिला. वर १ जून २०२५ पासून किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले आणि मासिक पास नऊशेवरून पंधराशे रुपयांवर गेला. बस कमी आणि महाग झाली की माणूस हप्त्यावर दुचाकी घेतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला ग्राहकाची निवड म्हणतात. परंतु जेथे दुसरा पर्यायच नाही तेथे निवड कसली? ती सक्ती आहे, आणि तिचा हप्ता मजुरीतून कापला जातो.

चाकणला हे अधिक उघडे दिसते. कायम कामगारासाठी कंपनीची बस असते. कंत्राटी कामगार मात्र दुचाकीने किंवा खच्चून भरलेल्या जीपने येतो. पहिली पाळी सुटण्याची आणि दुसरी भरण्याची वेळ एकच. त्याच वेळी सुटे भाग वाहणारे ट्रक आणि कंटेनर पुणे-नाशिक आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर या दोन रस्त्यांवर उभे. तळेगाव चौकात आणि आंबेठाण चौकात रखडलेल्या इंजिनांचा धूर तो पाळीला जाताना घेतो आणि पाळीवरून येतानाही घेतो. मोटारीची काच वर करून बसलेल्या माणसापेक्षा दुचाकीस्वार, रिक्षावाला, पथारीवाला आणि चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस यांना तो अधिक भोगावा लागतो. हवेतील अतिसूक्ष्म धूलिकणांची आपली राष्ट्रीय वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती ५ असावी असे सुचविले. हे अंतर केवळ शास्त्रज्ञांच्या वादाचे नाही. त्याची किंमत कामगाराच्या फुप्फुसातून, औषधाच्या बिलातून आणि बुडालेल्या खाड्यांतून वसूल होते. कारखान्याच्या ताळेबंदात हा खर्च कोठेही दिसत नाही. नफा खाजगी आणि धूर सार्वजनिक, अशी ही वाटणी आहे.

यावर विजेची वाहने हा उपाय सांगितला जातो. त्याला माझा विरोध नाही. निगडी आगारातून २०१९ साली विजेवर चालणाऱ्या बसगाड्या सुरू झाल्या, ही चांगलीच गोष्ट झाली. ज्या आकुर्डीत एके काळी पेट्रोलची चेतक तयार होत असे, तेथे आता विजेची चेतक तयार होते. परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, खाजगी वाहन विजेवर चालले तरी ते रस्त्यावर तेवढीच जागा अडविते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ही वीज येते कोठून? महाराष्ट्राची बरीचशी वीज अद्याप कोळशावर तयार होते. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली जे औद्योगिक परिसर अत्यंत प्रदूषित ठरविले त्यांत चंद्रपूरचा समावेश होता. आपल्या बसचा धूर बंद करून तो चंद्रपूरच्या माणसाच्या दारात नेऊन टाकावयाचा असेल, तर त्याला समाजवादी कार्यकर्त्याने प्रगती म्हणू नये. म्हणूनच वाहतूक आणि ऊर्जा हे दोन प्रश्न मी एकत्र घेतो. रस्त्यावरचा धूर जावा, आणि त्याच्या जागी येणारी वीज कोणाच्या छातीवर बसून आलेली नसावी, अशी आपली दुहेरी मागणी असली पाहिजे.

नव्या ऊर्जेचा मार्ग उद्योगपतींना आपल्या कितीतरी आधी सापडला. बजाज कंपनीने सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर सुमारे ६५ मेगावॅट क्षमतेच्या पवनचक्क्या उभारल्या, त्याला दोन तपे झाली. पवनचक्कीची संपूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करण्याची मुभा त्या काळात प्राप्तिकराच्या कायद्यात होती. म्हणजे वारा सर्वांचा, करसवलतीचा भार सरकारी तिजोरीवर, आणि वीज मात्र मालकाची. कारखानदाराने पवनचक्की लावली यात गैर काही नाही. पण सार्वजनिक पैशाने आलेल्या ऊर्जेत सार्वजनिक वाटा किती, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

घरांच्या बाबतीतही तेच होण्याचा धोका आहे. २०२४ साली केंद्र शासनाने छपरावरील सौरविजेसाठी प्रधानमंत्री सूर्यघर योजना आणली. स्वतंत्र घराला जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान, आणि गृहनिर्माण संस्थेला सामाईक वापरासाठी दर किलोवॅटला १८ हजार रुपये. एक किलोवॅटला शंभर चौरस फुटांच्या आसपास छप्पर लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. एखाद्या संस्थेने २० किलोवॅटची यंत्रणा बसविली, तर ३ लाख ६० हजार रुपये अनुदान आणि महिन्याला सुमारे २,४०० युनिट वीज. पंप, जिना आणि लिफ्ट यांचा बराच खर्च त्यातून निघतो. आपल्या वस्तीतील संस्थांच्या वार्षिक सभांत हा ठराव मांडणे हे कार्यकर्त्याला सहज जमण्यासारखे काम आहे. परंतु ज्याला स्वतःचे छप्परच नाही त्याचे काय? चाळीतील भाडेकरू, झोपडपट्टीतील कुटुंब, चाकणजवळच्या खोलीत सहाजण मिळून राहणारे कंत्राटी कामगार यांच्यापर्यंत हे अनुदान पोहोचत नाही. ज्याच्याकडे छप्पर त्यालाच सूर्य, असा हा न्याय आहे.

यावर उपाय सामाईक छपराचा. महापालिकेच्या शाळा, दवाखाने, मंडया, नाट्यगृहे आणि बस आगार यांची छपरे ही आपणा सर्वांची मालमत्ता आहे. एका छपरावर तयार होणारी वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत वाटून देण्याची पद्धत दिल्लीत २०१९ पासून मान्य झालेली आहे. वस्तीतील शाळेच्या छपराचा वाटा वस्तीतील गरीब घरांच्या बिलात पडावा, अशी मागणी आपण येथे केली पाहिजे. वीज नियामक आयोग १९९९ पासून आहे. त्याच्यापुढील सुनावणीत कोणीही नागरिक हरकत नोंदवू शकतो. तेथे मोठ्या ग्राहकांचे वकील हजर असतात आणि आपण नसतो. दुसरा हिशेब बसचा. मोठी विजेची बस किलोमीटरला साधारण सव्वा युनिट वीज खाते. दिवसाला दोनशे किलोमीटर धावली तर अडीचशे युनिट. सहा हजार चौरस फुटांच्या छपरावर ६० किलोवॅटची यंत्रणा बसते आणि ती सरासरीने जवळजवळ तेवढीच वीज देते. म्हणजे ढोबळमानाने एका मोठ्या शाळेचे छप्पर एक बस चालविते. उद्या आपल्या प्रभागातील सार्वजनिक छपरे मोजा आणि ती बसगाड्यांत सांगा. किलोवॅटची भाषा ज्याला कळत नाही त्याला बसची भाषा कळेल.

आता लोकशाहीचा प्रश्न. डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली: गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र या चारही खांबांवर सत्ता उभी असावी. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून शहरांना प्रभाग समित्यांचा हक्क दिला. प्रत्यक्षात मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत पिंपरी-चिंचवड महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. याच काळात, जून २०२५ मध्ये, पदपथ आणि सायकलमार्ग यांच्या 'हरित सेतू' प्रकल्पासाठी आणि टेल्को रस्त्याच्या नव्या रचनेसाठी महापालिकेने दोनशे कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे विक्रीस काढले. पायी चालणाऱ्याला रस्ता मिळावा, ही मागणी आपलीच आहे. परंतु ज्या कर्जाची फेड करदाता व्याजासह करणार, त्याचा निर्णय करदात्याच्या एकाही प्रतिनिधीच्या मताशिवाय व्हावा, हे आपल्याला पटता कामा नये. आता सभागृह आहे. त्या कर्जाच्या खर्चाचा प्रभागवार हिशेब मागणे हे आपले पहिले काम आहे.

लोकांनी काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. १ नोव्हेंबर २०१२ रोजी 'सकाळ'च्या पुढाकाराने 'बस डे' पाळला गेला. लोकांनी वर्गणी दिली, आपली वाहने घरी ठेवली आणि बसने प्रवास केला. पुरेशी बस मिळाली तर माणूस दुचाकी सोडतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पण दुसऱ्या दिवशी ताफा पूर्ववत झाला, कारण उत्साहामागे कायम मागणी धरून ठेवणारी संघटना नव्हती. २०२३ साली पुनावळ्याच्या रहिवाशांनी वनजमिनीवरील नियोजित कचरा डेपोला विरोध केला आणि शासनाला तो बेत सोडावा लागला. हा विजय खराच. परंतु कचऱ्याचा भार मोशीवरच राहिला. आपल्या दारातली घाण दुसऱ्याच्या दारात राहिली तर लढा अर्धाच जिंकला, असे मी म्हणेन. तिसरा धडा सहकाराचा. राहुरी-श्रीरामपूर भागात मुळा-प्रवरा ही सहकारी वीजसंस्था चार दशके वीजवितरण करीत होती. थकबाकीचा डोंगर वाढत गेला आणि २०११ साली तिचे काम महावितरणकडे गेले. लोकांच्या मालकीची संस्था केवळ ध्येयावर चालत नाही. तिला वेळेवर वसुली आणि चोख जमाखर्च लागतो.

या तिन्ही धड्यांतून आपला कार्यक्रम निघतो. प्रत्येक प्रभागात पाच-सात जणांची समिती असावी. तिने मुख्य थांब्यावर आठवडाभर बसगाड्या मोजाव्यात; किती आल्या, किती रद्द झाल्या, किती लोक मागे राहिले याची वही ठेवावी. सार्वजनिक छपरांची यादी करून ती प्रभाग समितीच्या बैठकीत मांडावी. भाडेवाढीविरुद्ध नुसते निवेदन न देता, पीएमपीएमएलच्या मालक असलेल्या दोन्ही महापालिकांच्या अंदाजपत्रकात बससाठी तरतूद किती, हे विचारावे. चाकणमधील कामगार संघटनांनी करारात दोन कलमे घालावीत: कंपनीच्या बसमध्ये कंत्राटी कामगाराला जागा, आणि शेजारच्या कारखान्यांच्या पाळ्यांच्या वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाने मागेपुढे. दुसऱ्या कलमाला मालकाचा एक पैसाही खर्च होत नाही. म्हणून त्याला नकार देताना त्याला कारण सांगावे लागेल. रिक्षाचालकांना शत्रू मानू नका. जुनी रिक्षा बदलण्यासाठी त्याला सावकाराकडे न पाठविता पतसंस्थेचे कर्ज मिळवून द्या, म्हणजे तो स्वच्छ हवेच्या चळवळीत आपल्या बरोबर येईल.

यांत भाषणांना फारसा वाव नाही. वही, पेन्सिल आणि दोन-तीन वर्षांची चिकाटी एवढेच भांडवल लागते. आपल्या चळवळीने मोठमोठे प्रश्न हाती घेतले, पण बसथांब्यावर ताटकळणाऱ्या माणसाजवळ आपण पुरेसे उभे राहिलो काय, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. पुढील अभ्यासवर्गाला येताना प्रत्येक साथीने आपल्या प्रभागातील एका थांब्याची आणि एका छपराची नोंद बरोबर आणावी, एवढी विनंती करून मी थांबतो.