विचारपूस आणि मोर्चा



२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. लोकल बंद पडल्या. अंधेरी-घाटकोपरकडची माणसे पाण्यातून पायीच घरी निघाली. स्वतःच्या झोपड्यांत पाणी शिरलेले असतानाही वस्त्यांतील लोकांनी अनोळखी वाटसरूंना चहा-बिस्किटे दिली, आसरा दिला. आपणही कुणाचा आधार होऊ शकतो, हा आत्मप्रत्यय त्या रात्री श्रमिकांना आला.

मृणालताई गोरे यांनी गोरेगावात पाण्यासाठी स्त्रियांची संघटना उभी केली, तीही शेजारधर्माच्याच बळावर. शेजारधर्म हा हक्कांना पर्याय नव्हे. नळ आणि नाला ही महापालिकेचीच जबाबदारी. परंतु ज्या चाळीत शेजाऱ्याच्या आजारपणाची खबर नसते, तिथून मोर्चा निघत नाही. म्हणून कार्यकर्त्याने पत्रक हाती देण्यापूर्वी घरची विचारपूस करावी.