हिवाळी परसबाग : ओल असेतो

(संस्थेच्या महोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



अशा समारंभात वक्त्याने संस्थेच्या कार्याचा गौरव करावा, अशी प्रथा आहे. तो गौरव आमच्या आधीच्या वक्त्यांनी यथायोग्य केला आहे. आम्ही आपणास थोडा वेळ घराच्या मागील दारी नेणार आहोत. विषय आहे हिवाळ्यातील परसबागेचा. तो लहान दिसतो खरा. परंतु जांबोटीतील आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांतील किती परसे आज ओस पडली आहेत हे पाहिले म्हणजे तो तितका लहान राहत नाही.

बेळगावाहून निघालेला रस्ता आपल्या गावावरून कणकुंबीकडे आणि पुढे चोर्ला घाटाने गोव्यात उतरतो. बेळगावची भाजी याच वाटेने गोव्याच्या स्वयंपाकघरात पोचते. भाजीची गाडी आपल्या दारावरून जाते, आणि आपण आपल्या घरची भाजी बाजारातून पिशवी भरून आणतो! परसात जागा असताना, विहिरीस पाणी असताना असे का व्हावे?

बागकामाची विलायती पुस्तके वाचली की वाटते, हिवाळा हा बागेने झोपण्याचा काळ. त्या देशांत ते खरेही आहे. तेथे जमीन गोठते. आपल्याकडे दंव पडते, धुके पडते, पण जमीन कधी गोठत नाही. बेळगावच्या बाजूस जानेवारीत रात्रीचे तापमान सरासरी 14 अंशांच्या आसपास असते आणि दुपारी चांगले ऊन पडते. आपली बाग खरी अडते ती पावसाळ्यात. मलप्रभा ज्या कणकुंबीस उगम पावते, तेथपर्यंतचा हा सारा पट्टा धो धो पावसाचा. त्या चार महिन्यांत नाजूक भाजीची मुळे कुजतात. म्हणून आपला बागेचा हंगाम पाऊस ओसरताच सुरू होतो.

येथे आमचीच एक चूक सांगतो. एके वर्षी दिवाळीचे पाहुणे, मग तुळशीचे लग्न, मग नात्यातले एक कार्य, असे करता करता आम्ही वाटाणा डिसेंबरच्या मध्यास पेरला. थंडी पडली आहे, आता काय चिंता, असा आमचा हिशेब होता. वाटाणा फुलावर आला तो फेब्रुवारीच्या तोंडाशी. ऊन तापले, फुले गळली, पानांवर पिठासारखी भुरी पसरली आणि शेंगा मिळाल्या त्या एका वेळच्या भाजीपुरत्या. शेजारच्या आजींनी ऑक्टोबरअखेर पेरलेला वाटाणा तोवर खाऊन संपला होता. त्या म्हणाल्या, “थंडी काय, येतीच. ओल काय तुझ्यासाठी थांबणार हाय?”

आमच्या मते सारे हिवाळी बागशास्त्र या एका वाक्यात आहे. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारातील शेतकरी भात कापून होताच उरल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतो, तो याच न्यायाने. परसबागेचे घड्याळही ओलीवरच चालते. पंचांगावर सर्वस्वी विसंबू नये, कारण अधिक मास आला की दिवाळी दोन-तीन आठवडे पुढे सरकते. जमिनीतील ओल मात्र अधिक मास जाणत नाही.

तेव्हा क्रम असा धरावा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वांगी, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, नवलकोल यांचे बी गादीवाफ्यावर टाकावे. वाफा वीतभर उंच असावा. परतीच्या पावसाची सर आली की सपाट वाफ्यातील कोवळी रोपे बुडाशी कुजून आडवी पडतात. चार-पाच आठवड्यांनी रोपे लावणीस येतात. मुळा, गाजर, बीट, मेथी, पालक, कोथिंबीर आणि वाटाणा यांचे बी थेट वाफ्यात पेरावे, तेही ऑक्टोबरअखेरपासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. धणे रगडून दोन डाळ्या कराव्यात. गाजर दाट उगवले तर विरळणी करावी. हात कचरतो, पण दोन गाजरांत चार बोटांचे अंतर नसेल तर मुळे दोरीसारखी राहतात.

फ्लॉवरविषयी थोडे अधिक सांगतो. ही भाजी हिंदुस्थानात 1822 साली सहारनपूरच्या कंपनी बागेत प्रथम आली. पुढे तिच्या कमी थंडीत येणाऱ्या जाती येथेच तयार झाल्या. ‘स्नोबॉल’सारख्या उशिरा येणाऱ्या जातींस गड्डा धरण्यास 10 ते 16 अंशांचा गारवा लागतो, तो आपल्याकडे दिवसभर टिकत नाही. म्हणून दुकानात बी घेताना लवकर येणारी किंवा मध्यम जात मागून घ्यावी. पुडीवरील सुंदर चित्रास भुलू नये.

पावटा आणि शेवंती यांची गोष्ट निराळी. जुन्या वळणाचा पावटा जूनमध्ये पेरला तरी वेल नुसता मांडवभर माजतो. फूल धरतो तो दिवस लहान होऊ लागल्यावर. शेवंतीचेही तसेच. म्हणून फूल नाही म्हणून वेल उपटू नये आणि त्याला खतही घालीत बसू नये. गुलाबाची छाटणी इंग्लंडात हिवाळा सरताना करतात. आपण ती पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यास करावी. सहा-सात आठवड्यांत झाड फुलांनी भरते.

आता जमीन. आपली माती तांबडी, जांभ्या दगडाची. अतिपावसाने तिच्यातील चुना वाहून जातो आणि माती आंबट होते. अशा मातीत फ्लॉवरची पाने कधी कधी चाबकासारखी अरुंद होतात. मॉलिब्डेनम नावाचे द्रव्य मुळांस मिळेनासे होते, त्याचा हा परिणाम. उपाय म्हणजे लावणीपूर्वी दोन-तीन आठवडे मातीत थोडा चुना मिसळणे. चुलीतील राख परसात टाकण्याची आपल्या आज्यांची रीत याच कामी येत होती. गॅस आला आणि ती राख गेली. चुलीचा धूर गेला हे चांगलेच झाले. पण राखेचे काम आता चुन्याकडून करून घेतले पाहिजे, हे ध्यानात असावे.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. हिवाळ्यात एक चौरस मीटर वाफ्यास रोजचे सुमारे 4 लिटर पाणी पुरते. तीन मीटर लांब व एक मीटर रुंद असे पाच वाफे केले तर रोजच्या 60 लिटरांत, म्हणजे 15 लिटरांच्या चार बादल्यांत, काम भागते. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावे. दवाने भिजलेली पाने संध्याकाळच्या पाण्याने पुन्हा भिजवली तर रोगास आमंत्रण मिळते. मातीवर भाताचे पिंजर किंवा पालापाचोळा चार बोटे जाड पसरावा. ओल धरून राहते व तण कमी येते. पाचोळा जाळणे म्हणजे घरची ओल जाळणे होय. न्हाणीचे साबणपाणी पालेभाजीस न देता केळीकडे सोडावे.

सौम्य हवेची एक किंमत आपणास द्यावी लागते. कडाक्याच्या थंडीत कीड मरते. आपल्याकडे ती हिवाळाभर सुखाने जगते. कोबीच्या कडेने मोहरीची ओळ लावावी म्हणजे मावा आणि पतंगाच्या अळ्या आधी मोहरीवर जातात. टोमॅटोशेजारी झेंडू लावावा. रोज सकाळी पान उलटून पाहावे. परसबागेत डोळ्यांसारखे औषध नाही. वानरे, रानडुकरे आणि गवे यांचा उपद्रव आपणास नवा नाही. भीमगडचे अरण्य 2011 साली अभयारण्य झाले. ती जनावरे तेथलीच रहिवासी आहेत, त्यांच्याशी वैर धरून चालणार नाही. मोठे वावर राखणे अवघड असले तरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारे पाच वाफे राखता येतात.

शेवटी आम्ही मुख्य गोष्टीकडे येतो. कोबीचे किंवा विलायती गाजराचे बी आपल्याकडे धरत नाही. त्यास कडक थंडी लागते आणि ते कुलूसारख्या डोंगराळ मुलखातून येते. ते विकत घ्यावे. परंतु पावटा, वाल, वांगे, दोडका, भोपळा यांचे बी आपल्या घराघरांत पिढ्यानुपिढ्या चालत आले. आता मुले बेळगाव, पुणे, मुंबई, गोवा येथे गेली आणि घरांस कुलुपे लागली. कुलूपबंद घरात भांडी टिकतात, दागिने टिकतात. बी टिकत नाही. कांद्याचे बी वर्षभरात निकामी होते, इतर बियाणे थोडी अधिक वर्षे तग धरते आणि मग तेही मरते. आजीच्या डब्यातील राख लावलेला पावटा एकदा मेला की तो कोणत्याही दुकानात विकत मिळणार नाही.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्ताने आमची एक विनंती आहे. दरवर्षी नवरात्रापूर्वी संस्थेच्या सभागृहात एक टेबल मांडावे. ज्यांच्याकडे घरचे बी आहे त्यांनी मूठभर आणावे, पुडीवर घराचे नाव व वर्ष लिहावे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी न्यावे, आणि पुढील वर्षी मुठीची मूठ परत आणावी. यास निधी लागत नाही, ठराव लागत नाही. शहरात राहणाऱ्यांनी गॅलरीतील दोन कुंड्यांत लावले तरी ते बी जिवंत राहील.

आमच्या शेजारच्या त्या आजी आता नाहीत. त्यांच्या पावट्याच्या बिया आम्ही आज पुडीत बांधून आणल्या आहेत. सभा संपल्यावर ज्यांना हव्या असतील त्यांनी न्याव्यात. पेरण्यास मात्र उशीर करू नये. ओल थांबत नाही.