तीन सह्यांचा चेक

(ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



आरोग्यावर बोला म्हणालात. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी केलेला माणूस. पण २०१३ साली माझ्या धाकट्या भावाला चाकणला कंपनीत काम करताना फिट आली. मेंदूत गाठ निघाली. ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूच्या कॅन्सरमधला फार आक्रमक प्रकार. त्यातून जे शिकलो तेवढंच सांगतो.

ऑपरेशन झालं. मोठा भाऊ म्हणून मी शहाणपणा केला, "गाठ काढली ना, मग आता शेक कशाला? गणपती होऊ देत." चूक माझीच. या गाठीची मुळं आसपासच्या चांगल्या मेंदूत पसरलेली असतात, ती सुरीने पूर्ण निघत नाहीत. परळला टाटा मेमोरियलमध्ये रिपोर्ट दाखवले. तिथे सर्जन, रेडिएशनचे आणि औषधांचे डॉक्टर एकत्र बसून उपचार ठरवतात. त्यांनी समजावलं: जखम भरली की सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, असे तीस शेक. त्याच काळात टेमोझोलोमाइडची कॅप्सूल रोज, शेकाला सुट्टी असेल त्या दिवशीसुद्धा. नंतर दर अठ्ठावीस दिवसांत पाच दिवस.

दोन्ही एकदम कशासाठी? शेकाने गाठीच्या पेशींचा डीएनए तुटतो. हे औषध मेंदूपर्यंत पोचतं आणि त्याच डीएनएवर दुसरा घाव घालतं. युरोप आणि कॅनडातल्या ५७३ रुग्णांवरचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. नुसता शेक घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी शंभरात साधारण १० जण हयात होते, दोन्ही घेतलेल्यांपैकी २६. आकडा लहान वाटेल, पण ज्याच्या घरात दुखणं आहे त्याला विचारा.

आमच्या भाषेत, हा तीन सह्यांचा चेक. एक सही राहिली तर वटत नाही. आणि चौथी सही आपल्या मनाने करायची नाही. कुणीतरी आणून दिलेलं चूर्ण आम्ही गुपचूप चालू केलं होतं. डॉक्टर रागावले. या औषधाने रक्तातल्या पेशी कमी होतात, म्हणून दर आठवड्याला रक्त तपासतात. त्यात आपण काय मिसळलं ते त्यांना कळायलाच हवं.

तीस दिवस पुण्याला न्यायला-आणायला आपल्याच सोसायटीतल्या गाड्या होत्या. बी विंगने सोमवार-मंगळवार, सी विंगने पुढचे दिवस वाटून घेतले. पेट्रोलचे पैसे कुणी घेतले नाहीत.

भाऊ एकोणीस महिने राहिला. मुलीचा दहावीचा निकाल त्याने स्वतः वाचला, पेढे वाटायला जिने चढला. मी गणपतीपर्यंत थांबवलं असतं तर तो दिवस दिसला असता का, हा प्रश्न मला अजून सुटत नाही.

म्हणून विनंती एवढीच. वारंवार फिट, सकाळची डोकेदुखी आणि उलटी, बोलण्यात अडखळणं, असं काही दिसलं तर लगेच दाखवा. आणि उपचार ठरला की मधेच सोडू नका.